आप्पांचे अहिंसक राखणदार

खुर्चीवर बसण्याआधी आप्पा ती रुमालाने हलकेच झाडत आणि विचारत, "कोण हाय का रं बाबा?" एखादी मुंगी दिसलीच, तर तिला कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडत. मग बसत.

निपाणीच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे, मी मराठी. जैन घरांतून जीव जपणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आप्पांनी मात्र उभ्या नोकरीत छडीलासुद्धा हात लावला नव्हता.

जुन्या काविळीने पोखरलेल्या त्यांच्या यकृतात पुढे कॅन्सर निघाला. थोरल्या बहिणीने, आक्कांनी, स्वतःच्या यकृताचा भाग दिला. बेंगळुरात दोघांची ऑपरेशनं झाली. आप्पा शाळेत परतले ते तोंडाला मास्क लावून. डब्यात कोशिंबीर बंद, आणि मोबाईलचा गजर वाजला की गोळ्या.

"या कशाच्या?" मी विचारलं.

"आक्काचं यकृत माझ्या अंगाला परकं. आतले राखणदार त्याला मारायला उठत्यात, म्हणून त्यांना गप बसवायचं." मग डोळे बारीक करून म्हणाले, "आमचे राखणदारबी आता पक्के अहिंसक झाले बघा, सर."

सगळी शिक्षकखोली हसली.

काही महिने बरे गेले. मग तपासणीत त्यांच्या रक्तातला कॅन्सरची चाहूल देणारा आकडा वाढू लागला. आधी थोडा, पुढच्या खेपेला जास्त. दुखत काहीच नव्हतं. भूक लागत होती, तापही नव्हता. एका दुपारी पेपर तपासता तपासता ते थांबले.

"सर, आत लई शांत वाटतंय. एवढं शांत बरं न्हवं."

त्यानंतर बेंगळुरास त्यांच्याबरोबर आक्का आणि मी, दोघंही गेलो. डॉक्टर कन्नडमधून सावकाश सांगत होते. नव्या यकृतात गाठी होत्या, फुफ्फुसात ठिपके होते. कॅन्सरच्या काही पेशी ऑपरेशनआधीच निसटून रक्तात लपल्या असाव्यात. त्यांना मारणाऱ्या पेशी गोळ्यांनी दबलेल्या, आणि आता थकलेल्याही. कॅन्सरच्या शेजारी उभ्या असतात, पण हात उचलत नाहीत.

"त्यांना उठवता येत न्हाय?" आक्कांनी विचारलं.

"तसं औषध आहे. पण त्या उठल्या, तर तुम्ही दिलेलं यकृतच फोडून टाकतील अशी भीती आहे. मग फार दिवस हातात राहणार नाहीत. कदाचित तसं होणारही नाही. खात्री देता येत नाही."

"नको," आप्पा म्हणाले.

बाहेर बाकड्यावर आक्का उसळल्या. "का नको रं? मुंग्यांचा मोठा कैवारी! आता गाठीलाबी जपणार हाईस व्हय?"

"गाठीला न्हाय गं. तुझं हाय ते. माझ्याच अंगाकडनं मारून घेऊ?"

"दिलं तवाच ते तुझं झालं. गेलं तर जाऊ दे. तू जग."

"आन ते जाऊन मीबी गेलो तर?"

आक्कांनी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. "खा आधी."

डॉक्टरांनी कॅन्सरवरच्या दुसऱ्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी आप्पांचे तळहात सोलले. खडू धरवेना, तेव्हा ते तो रुमालात गुंडाळून धरत आणि फळ्यावर आकडे पूर्वीसारखेच सरळ काढत. आक्का दर आठवड्याला चिकोडीहून यायच्या आणि तोच विषय काढायच्या. आप्पा ऐकून घेत, हसत, आणि "नको" म्हणत. वार्षिक परीक्षेच्या सुमारास आप्पा शाळेत यायचे थांबले.

आमच्याकडे बायका सहसा स्मशानात जात नाहीत. आक्का आल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. पदराआड उजव्या बरगडीखाली हात धरून त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

"माझं परत वाढून भरलंय म्हणत्यात डॉक्टर," त्या चितेकडे बघत म्हणाल्या. "पर तिथं हाय तेबी माझंच की, सर."

लाकडांनी पेट घेतला, तसा त्यांनी तो हात घट्ट दाबून धरला.