कोंबडीचा कान

परवा लेकाने बदामी अंड्यांचा खोका आणला आणि मला रोह्याजवळच्या वरसे गावातलं सासरचं मागलं दार आठवलं. नव्वदीचा काळ, माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. मोठे जावई जेवायला यायचे होते. आमच्या दोन कोंबड्यांतली एकच अंडी घालायची, तीही बदामी. कोणती, ते कुणालाच कळेना. न घालणारी कापायची होती.

"वैनी, तुमच्या पेणात शिकवतात काय कोंबड्यांचं?" धाकट्या नणंदेने डिवचलं.

मी कसली गप्प बसते! "पांढऱ्या कानाची पांढरं अंडं घालते, लाल कानाची बदामी," मी ठोकून दिलं. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. सासूबाईंनी एकेक कोंबडी काखेत धरली आणि मी कानाजवळची पिसं फुंकली. पिसांचा कोंदट वास, बोटांखाली धडधडणारं ऊर. एकीचा कान पांढरा निघाला. मी तिच्याकडे बोट केलं.

मोरीत ती साफ करताना सासूबाईंचा हात थांबला. पोटातून तयार अंडं निघालं. बदामी. मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"काय गो आये, बरोबर निघालं का वैनीचं?" बाहेरून नणंद ओरडली.

सासूबाईंनी अंडं पटकन पदराखाली घेतलं. "व्हय गो, बरोबर!"

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं. त्या पदराची किंमत माझ्या घरात सून आल्यावर कळली.

मग माझ्याकडे न बघताच सासूबाई हळूच म्हणाल्या, "पेणच्या कोंबड्यांचे कान निराळे असतील. जा, वाटण वाट."