परतीचा माल

परभणीच्या मोंढा बाजारात ट्रक लावून देणारा एक जण आहे. आमच्या जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी मुंबईकडच्या बंदराला जातात, त्या त्याच्याच गाड्यांनी. मी भाडं विचारलं की तो चपला काढतो, खुर्चीवरच मांडी घालतो आणि आधी तिकडच्या माणसाला फोन लावतो. “परतीला काय हाय?” खत, परदेशची तूर, काहीही मिळालं तरी आमचं भाडं उतरतं. नाही मिळालं, तर रिकाम्या गाडीचं डिझेलही आमच्याच गाठींवर बसतं आणि इथे शेतकऱ्याला कापसाचा भाव तेवढा कमी मिळतो.

रिकामं परतणं त्याला बघवतच नाही. मी मोटारसायकलवर बोरीला लग्नाला निघालो, तरी हाक मारून म्हणणार, “येताना मागची सीट मोकळीच का? कुनाला तरी घेऊन या की!” मी हसण्यावारी न्यायचो.

परवा त्याच्या मुलाचं बिऱ्हाड हललं. मुलाला बंदराजवळच्या कंटेनर यार्डात नोकरी लागली. मुलगा, सून आणि नातू आधीच रेल्वेने गेले होते. ट्रकमध्ये कपाट चढलं, शिलाई मशीन चढलं. नातवाची छोटी सायकल मात्र त्याने कुणाला बांधू दिली नाही. स्वतः बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि सवयीने विचारलं, “मालक, परतीला काय भरू?”

त्याने फोन काढलाच नाही.

“काई नको,” तो म्हणाला. “रिकामीच आन.”