कळंबला पाठवलेलं पाकीट

आता कसं सांगू तुम्हाला, माझी सोयरीक मी माझ्याच तोंडानं मोडायला निघालो होतो!

नव्वदच्या दशकाची अखेर. मी पुण्यात चिप तपासण्याच्या कामाला नुकताच लागलेलो. सणसरचे मामा मला मुलगी दाखवायला कळंबला घेऊन गेले. वाटेत फटफटीवरच त्यांनी बजावलं, "नोकरी अजून पक्की न्हाय, हे तितं अजिबात काढायचं न्हाय. पक्की झाल्यावर सांगू."

लपवाछपवी मला मुळीच पटत नव्हती. पण मामांपुढं बोलणार कोण? शिवाय सुनंदा चहा घेऊन आली आणि खरं सांगतो, हे जमावं असं मलाच फार वाटायला लागलं.

तिचे वडील, आबा, म्हणाले, "कामाचं सरूप काय?"

झालं! हा प्रश्न मला विचारायचाच नसतो.

"आबा, चिप घडवायच्या आधी आम्ही ती कंप्युटरवर तपासतो. तिला माहितीची पाकिटं पाठवतो. त्यातली काही मुद्दाम खराब!"

"मुद्दाम?"

"हो! आणि खराब आहेत हे तिला कळूच द्यायचं नाही."

आबांची बशी ओठांपाशीच थांबली. "म्हंजी फसवायचा धंदा व्हय?"

मामांनी टोपीनं घाम पुसला.

"नाही हो! पाकिटात फील्ड असतात, म्हणजे माहितीचे कप्पे. आमच्या प्रोग्राममध्ये ज्या फील्डला टक्क्याची (%) खूण, ती फिजिकल. ती चिपकडं जाते. खूण नसलेली व्हर्च्युअल, ती फक्त आमच्यापाशी. 'हे पाकीट खराब' ही फील्ड व्हर्च्युअल. चिपनं खोट स्वतः ओळखली, तर ती पास!"

"डोक्यावरनं गेलं."

इथं गप्प बसावं की नाही? पण समोरच्याला कळलं नाही तर मला चैन पडेल?

"सोपं आहे! मीच पाकीट समजा. नाव, गाव, शिक्षण ही फिजिकल फील्ड. तुमच्याकडं पोचली. आणि नोकरी अजून पक्की नाही, ही व्हर्च्युअल. ती आमच्या घरातच ठेवायची. तुम्हाला कळूच द्यायची नाही!"

मामांनी डोळे मिटून घेतले.

दारातून सुनंदा म्हणाली, "अहो, मग ह्या फील्डला टक्का कुणी लावला?"

आबा एवढे हसले की चहा धोतरावर सांडला. "पावणं, ह्या गड्याच्या पोटात काय ऱ्हायाचं न्हाय. पोरीला घोर न्हाय! आमची पसंती हाय."

लग्न झालं. नोकरीही पक्की झाली. पण आजही मी घरात पाऊल टाकलं, की चाललेली कुजबुज सोडून सगळे एकदम पाऊसपाण्याचं बोलायला लागतात!