पडेगावहून टोचन

गाडी बंद पडली यात अण्णांची काडीचीही चूक नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. दौलताबादच्या पलीकडं आत्या राहते. तिला भेटून आम्ही दोघं घरी निघालो होतो, अण्णा, म्हणजे माझे वडील, चालवत होते आणि मी शेजारी. पडेगावच्या उतारावर इंजिनातून फट् असा आवाज आला आणि गाडीनं मान टाकली. आतला कसलासा पट्टा तुटला होता. पट्टा काय सांगून तुटतो?

पण मला धास्ती होती ती पट्ट्याची नव्हे, पुण्याच्या भावाची. दिवाळीत अण्णांच्या हातून गाडी फाटकाला घासली, तेव्हाच त्यानं फोनवर फर्मान काढलं होतं, "आता पुन्हा काही झालं की चावी काढून घ्यायची. तूच घ्यायचीस. तुझ्याकडं राहतात ते." वा रे शहाण्या! तिकडं बसून सांगायला तुझं काय जातंय?

अण्णा एसटीचे ड्रायव्हर. जन्म पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या साली झालेला, तारीख कुणालाच ठाऊक नाही. सगळी नोकरी पैठण, बिडकीन, वैजापूरच्या रस्त्यांवर झाली आणि त्यांच्या हातून कुणाला कधी ओरखडा आला नाही. आई गेल्यावर ते माझ्याकडं उस्मानपुऱ्यात आले ते ही गाडी घेऊनच. सकाळी चहाच्या आधी गाडी पुसायची, मला नोकरीवर शाळेत सोडायचं, येताना भाजी आणायची. गाडी होती म्हणून ते माझ्या घरात पाहुण्यासारखे राहिले नाहीत. चावी काढून घेतली असती तर माणूस नुसता भिंतीकडं बघत बसला असता, आणि ते मला बघवलं नसतं.

तर गाडी बंद पडली. अण्णा खाली उतरले, इकडंतिकडं बघून एक दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली लावला. गाडी उभी केली की चाकाला दगड लावायचा, ही त्यांची एसटीतली सवय. आमच्या घरासमोरही त्यांचा एक दगड कायम पडलेला असतो आणि येणारा जाणारा त्याला ठेचकाळून मला बोल लावतो.

फोन करून टोचनवाल्याला बोलावलं. तो छोटी क्रेन घेऊन आला. चाळिशीचा, दाढीवाला, बोलायला मऊ. गाडीत डोकावून त्यानं गिअर बघितला, हँडब्रेक खाली केला आणि पुढं जाऊन साखळी अडकवू लागला. पुढची चाकं उचलायची आणि मागच्या चाकांवर गाडी ओढत न्यायची, असा बेत. तेवढ्यात अण्णांना आठवलं की चष्मा गाडीतच राहिला. ते आत जाऊन बसले, चष्मा घेतला, उतरले, दगड काढून बाजूला ठेवला. मी तेव्हा रस्त्याच्या कडेला येरझारा घालत नवऱ्याला फोनवर बजावत होते की पुण्याला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

क्रेनच्या केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. त्या क्रेनचा आवाज काय विचारता! मागं कुणी बोंब मारली असती तरी ऐकू आली नसती. छावणीपाशी एका मोटारसायकलवाल्यानं आम्हाला गाठलं आणि हात हलवून ओरडला, "अहो, मागं धूर निघतोय!"

उतरून बघतो तर काय, मागची दोन्ही चाकं फिरतच नव्हती. पडेगावपासून ती नुसती फरफटत आली होती. टायर एका बाजूनं घासून पार तारा दिसेपर्यंत गेले होते आणि आतून जळका वास येत होता. टोचनवाल्यानं दार उघडलं. हँडब्रेक वर होता.

मग माझं तोंड सुटलं. "अहो, ब्रेक न सोडताच गाडी ओढलीत? डोळे कुठं होते तुमचे?"

"ताई, मी माझ्या हातानं ब्रेक खाली केला होता," तो म्हणाला. "नंतर चाचा आत बसले होते."

मी ताडकन म्हटलं, "म्हणजे? यांनी ओढला? अरे, उभा जन्म एसटी चालवलेला माणूस आहे हा! त्यांना शिकवतोस तू?"

त्यानं ब्रेक सोडला, आणि उस्मानपुऱ्यातल्या गॅरेजपर्यंत मी त्याला वाटभर झापत राहिले. तो समोर बघून क्रेन चालवत होता. अण्णा नुसते मागच्या गाडीकडं वळून वळून बघत होते, आणि त्याचंच मला जास्त भ्या वाटत होतं. आतल्या आत माझी नुसती तगमग चालली होती. चूक याचीच निघाली पाहिजे. याची निघाली तर अण्णांची चावी अण्णांपाशी राहते. नाही तर मग माझ्याच हातानं मला ती मागावी लागणार.

गॅरेजसमोर रस्त्यावर गाडी उतरवली तशी माणसं जमली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? मी टायर दाखवून दाखवून सांगत होते आणि तो एकच वाक्य धरून बसला होता. शेवटी अण्णा पुढं झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. मी निस्ता चष्मा घेतला. ब्रेकला हात लावला नाय."

अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. टोचनवाल्यालाही ते पटलं असावं. तो नुसता म्हणाला, "चाचा खोटं बोलत नाहीत. पण ताई, मी पण नाय बोलत."

इथं मला ती अवदसा आठवली. मी म्हटलं, "थांबा, आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू. अण्णा, बसा गाडीत. तिथं काय काय केलंत ते तसंच्या तसं करून दाखवा या सगळ्यांना." आता याचं तोंड कसं बंद होतं बघाच, अशा तोऱ्यात मी कमरेला पदर खोचून उभी राहिले.

अण्णा आत बसले. चष्म्याचं घर समोर ठेवलं, पुन्हा उचललं, खिशात घातलं. स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. हेही त्यांचं रोजचं, उतरताना गाडीच्या पाया पडल्यासारखं करायचं. उजव्या हातानं दार उघडलं. आणि डावा हात आपोआप खाली गेला.

कर्रर्र.

सगळ्यांनी ऐकलं. अण्णा खाली उतरले, दार लावलं आणि ताठ मानेनं सगळ्यांकडं बघून म्हणाले, "बघितलं? लावला का हात?"

 बघ्यांतला एकजण हसू दाबत दुसरीकडं बघायला लागला. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला. अण्णा एकेकाच्या तोंडाकडं बघत होते आणि चाकाला लावायला नजरेनं रस्त्यावर दगड शोधत होते. 

"नाही लावला अण्णा," मी म्हटलं. "अजिबात नाही."

टोचनवाल्यानं माझ्याकडं बघितलं. आता हा बोलणार. आणि बोललाच असता तर त्याचा काय दोष होता? एवढ्या माणसांत मी त्याला नाही नाही ते बोलले होते. पण तो म्हणाला, "व्हय चाचा. माझंच चुकलं." मग गाडी आत ढकलायला हवी म्हणून त्यानं खिडकीतून हात घातला आणि ब्रेक हळूच खाली केला. शक्य तेवढा हळू केला त्यानं. तरी खट् असा आवाज झालाच.

अण्णा जागच्या जागी थांबले. स्वतःच्या हातानं ओढलेला ब्रेक त्यांना ऐकू आला नव्हता. दुसऱ्यानं सोडलेला बरोबर ऐकू आला.

 मग एखाद्या ड्रायव्हरनं दुसऱ्या ड्रायव्हरला विचारावं तसं त्यांनी त्याला विचारलं, "ब्रेक किती दात ओढला होता?"

त्यानं खाली बघत सांगितलं, "पुरा, चाचा."

"हां," अण्णा म्हणाले. "मग मीच. मी अर्धा कधी ओढत नसतो."

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "जा बाबा, तुझा काही कसूर नाय" म्हणाले, खिशातून चावी काढली आणि माझा हात ओढून तळव्यावर ठेवली. "पुण्याला फोन कर, माय."

"मी नाही करणार फोन!" मी भर रस्त्यात ओरडले. रडूही आलं. रडू यायला लागलं की मी आणखी ओरडते, तशी ओरडले. "कुणी सांगितलं चावी द्यायला? मी मागितली का?"

"मागायला लागू नये म्हणून तर दिली," अण्णा म्हणाले.

टोचनवाल्याशी मी काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. पण मी वळेपर्यंत त्यानं साखळी गुंडाळून क्रेन सुरू केली होती, आणि त्या आवाजात मी जे काही बोलले ते त्याला ऐकू गेलं नसणार.

घर तिथून जवळच होतं, पण अण्णांचे पाय चालणार नाहीत असं मला वाटलं, म्हणून रिक्षा केली. रिक्षात मी एकसारखी बोलत होते. टायर नवे घालू, पट्टा बदलू, रविवारी तुम्ही मोकळ्या मैदानात चालवा, कोण बघतंय. ते बाहेर बघत होते. प्रत्येक चौकात त्यांचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर दाबला जात होता.

रिक्षा दारात थांबली. उतरायच्या आधी अण्णांचा डावा हात खाली गेला. सीटवर तिथं माझा हात होता. त्यांनी मनगट मुठीत धरलं आणि जोरात वर ओढलं. या वेळी मात्र त्यांनी स्वतःच ते बघितलं. मूठ तशीच राहिली.

"पुरा ओढला का गं?" त्यांनी विचारलं.

"पुरा, अण्णा," मी म्हटलं.