घ्यायचा का न्हाई ते सांग

विष्णू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर गणित सोडवत होतो. मांजरसुंब्याच्या फाट्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शेजारच्या ढाबेवाल्याने सांगितलं, सकाळी शटर उचलताना छातीत कळ आली आणि बीडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांचा माणूस. मी खडू ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? रविवारी त्याला उत्तर द्यायचं होतं, ते राहिलं... याची मला अजून लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? दीड महिना होऊन गेला तरी माझं डोकं त्या उत्तरापाशीच घुटमळतंय.

उत्तर एका व्हिडिओ गेमबद्दल द्यायचं होतं. हसायचं तर हसा. लिंबागणेशच्या शाळेत एका बाकावर बसलेले आम्ही दोघं, वय वाढलं तरी दर रविवारी दुपारी त्याच्या दुकानामागच्या राहत्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर खेळत बसायचो. कंट्रोलर एकच, त्यामुळे नियमही एकच : आपला गडी मेला की कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात द्यायचा. ‘मेलो’ म्हणायची मात्र बंदी होती. विष्णूची आई, जिला मी मावशी म्हणतो, दारात शेंगा फोडत बसलेली असायची आणि हा शब्द ऐकला की खवळायची. भरल्या घरात मेलो मेलो कावून म्हणता रे, असं तिने दोनदा सुनावल्यावर आम्ही ‘हात बदल’ म्हणू लागलो. विष्णूचं लग्न जमता जमता राहिलं होतं. घरात ही दोघंच, आणि रविवारचा मी.

या खोलीत विष्णूने गेल्या वर्षी त्या गेमचं खूळ आणलं. हा गेम भलताच अवघड. दर दोन मिनिटांनी मरायचं, मरताना आजवर कमावलेलं सगळं तिथेच सांडायचं, आणि परत त्याच जागी पोचून ते उचलायचं. वाटेत पुन्हा मेलात तर तेही गेलं. मला हरणं सोसत नाही. साध्या क्रिकेटच्या गेममध्ये मी एकदा कंट्रोलर भिंतीवर मारला होता, त्याची खूण तिथे अजून आहे. म्हणून मी चालढकल सुरू केली. आधी लोकांची मतं वाचतो म्हणालो. मग दुसऱ्यांनी खेळतानाचे व्हिडिओ बघत बसलो. मग परीक्षा, मग पेपर तपासणी, मग आपल्या वयाला हे शोभतं का, हा नवीनच प्रश्न. गेम बरा की वाईट याचं मी इतकं संशोधन केलं की तेवढ्यात तो दोनदा खेळून झाला असता. विष्णू विचारायचा आणि मी ‘बघू’ म्हणायचो.

तूच घे आणि तूच खेळ, असं मी एकदा चिडून म्हणालो, तेव्हा तो सोल्डरिंगची काडी खाली ठेवून म्हणाला, “एकट्याचा अर्धा कोयता व्हतो बे. अर्ध्या कोयत्यानं फड सरत न्हाई.” हे तो वरवरचं बोलत नव्हता. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. त्याचे वडील गेले त्या साली मावशी अर्धा कोयता झाली आणि टोळीत तिला कोणी घेईना. मग दहावीची पुस्तकं माझ्याकडे ठेवून विष्णू आईचा जोडीदार म्हणून फडात गेला. डाव्या अंगठ्याचं टोक तिथेच गमावून आला. कंट्रोलरची गडी हलवायची डावी काडी त्या अंगठ्याखालून निसटायची, म्हणून त्याने तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला होता. असल्या माणसाला मी वर्षभर ‘बघू’ म्हणत राहिलो, याचा मला आता संताप येतो.

शेवटचं भेटलो ते ढाब्यावर, चहाला. मी पुन्हा कुणाचं तरी मत सांगू लागलो. त्याने मला थांबवलं. “किती दिस बघतू, सत्या मास्तर? रविवारी घ्यायचा का न्हाई ते सांग. न्हाई म्हण, मला राग न्हाई.” मी म्हणालो, “रविवारी नक्की.” तो बुधवार होता. शुक्रवारी फोन आला.

गेल्या रविवारी मी गेलो. घरात जीव रमत नव्हता, वर्गात रमत नव्हता. मनाशी ठरवलं होतं, त्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन तो गेम घ्यायचा, मग पुढचं पुढे. मावशीने खोली उघडून दिली. माझी खुर्ची तिथेच, खुर्चीच्या डाव्या हाताला विष्णूचं स्टूल. कॉम्प्युटर लावला, गेमचं पान काढलं, तर घ्यायचं बटणच दिसेना. तो गेम आधीच घेतलेला होता. गेल्या दिवाळीत... आणि एकदाही उघडलेला नव्हता.

मी मावशीकडे बघितलं. तिला माहीत होतं. “म्या म्हनलं त्याला, आनलाय तर लाव की,” ती म्हणाली. “तर म्हनला, सत्याला सांगू नको. त्याच्या मनानं हो म्हनू दे, मग लावू.”

मी रडलो, आणि त्याच्यावर चिडलोही. सांगायला काय झालं होतं रे? मग गेम लावला. पहिल्याच वळणावर माझा गडी आडवा झाला. ‘हात बदल’ ओठांवर आलं ते मी गिळलं, पण हात सवयीने डावीकडे गेलाच. स्टुलासमोर कंट्रोलर धरून मी तसाच बसलो. मागे घेववेना.

मावशी दारातून उठली, लुगड्याला हात पुसले आणि स्टुलावर येऊन बसली. कंट्रोलर घेऊन तिने तो ट्यूबचा तुकडा अंगठ्याने चाचपला.

“कंचं बटन मारायचं ते सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं. अर्ध्या मिनिटात तिचाही गडी पडला. तिने एक सणसणीत शिवी हासडली आणि पडद्यावरची नजर न काढता कंट्रोलर माझ्यापुढे धरला.

“हात बदल,” ती म्हणाली.