बाणवाल्या बाई

बाणवाल्या बाईंच्या हातात खडू असो, पेन असो की काडेपेटीतली काडी, त्या बाण काढायच्याच. बशीत चहा सांडला तर त्यात बोट बुडवून टेबलावर बाण. इथून तिथे, तिथून आणखी कुठेतरी आणि शेवटी गोल फिरून पुन्हा इथेच. त्या पुण्याकडच्या डॉक्टर. पण इंदुरात त्यांना सुई टोचताना कुणी पाहिलं नाही. आमच्या गिरणीच्या चाळीतल्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं बारसं करून टाकलं.

गिरणी बंद होऊन वर्ष झालं होतं. देशाची दारं परदेशी मालाला उघडली म्हणून पेपरात मोठमोठे मथळे, आणि आमच्या गिरणीच्या दाराला भलंमोठं कुलूप. दादा साचेखात्यात मागावर होता, तो घरी बसला. मी एका आरोग्यसंस्थेत सर्व्हेचे फॉर्म भरायचो, त्यावर घर चालायचं. चाळीत पोरांना सारखे जुलाब. फॉर्मात 'कारण' असा एक रकाना होता. तिथं 'खराब पाणी' लिहून मी मोकळा व्हायचो. आमच्या संस्थेनं बोलावलेल्या बाईंनी ते फॉर्म वाचले आणि म्हणाल्या, "कारण एकच? नशीबवान चाळ आहे तुमची." ही शाबासकी की टोमणा, मला कळेना. अजूनही नीट कळलेलं नाही.

आजाराबद्दल बोलायचं तर सगळ्यांनी एका सतरंजीवर बसायचं, ही त्यांची पद्धत. नळखात्याचे इंजिनिअर, दवाखान्यातल्या नर्सबाई, बेकार कामगार, पाणी भरणाऱ्या बायका. खुर्ची कुणालाच नाही. भिंतीवर खाकी कागद लावलेला. प्रत्येकानं एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहून चिकटवायची आणि कशामुळे काय होतं ते बाणांनी जोडायचं. याला त्या कार्यशाळा म्हणत. इंजिनिअरसाहेब घाम पुसत म्हणाले, "मॅडम, पाइप कुठे फुटलाय ते सांगा, मी जोडून देतो." "पाइप तर जोडालच," बाई म्हणाल्या, "आधी हे जोडू या." शेजारी बसलेले यादवजी, गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, माझ्या कानात पुटपुटले, "भिया, ये बीमारी भगा रही हैं कि रांगोली डाल रही हैं?" खरं सांगतो, मलाही तोच प्रश्न पडला होता.

घोळ मात्र मीच घातला. बाई म्हणाल्या, "आता यातलं चक्र शोधा." त्यांचं पुणेरी मराठी चाळीला झेपायचं नाही, म्हणून मी हिंदी करून सांगायचो. बेधडक विचारलं, "बाईजी पूछ रही हैं, आपके यहाँ क्या चक्कर चल रहा है?" अहो, एकच हशा पिकला! आमच्याकडे 'चक्कर चल रहा है' म्हणजे प्रेमप्रकरण. दोन-चार नावंसुद्धा पुढे आली. माझे कान लाल. तेवढ्यात मागून माझी वहिनी उठली. तिला पाचवा महिना होता. चहा करायला म्हणून आली होती. म्हणाली, "मला येते की चक्कर. रोज. नळावर."

सगळे पुन्हा हसले. मीपण हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर 'चक्कर' लिहिलं, कागदाच्या मधोमध चिकटवलं आणि पेन वहिनीच्याच हातात दिलं. वहिनी बोलत गेली, बाण काढत गेली. गिरणी बंद, म्हणून गिरणीच्या बोअरचं पाणी बंद. म्हणून सकाळी उपाशीपोटी लांबच्या नळावर चार खेपा. पाणी थोडं, म्हणून हात-भांडी धुण्यात काटकसर. म्हणून पोरगा आजारी, म्हणून घरातलं दूध त्याला. मग ती थबकली. "आणि कमावणाऱ्याचं ताट आधी वाढायचं. उरेल ते आपलं," असं म्हणत तिनं शेवटचा बाण काढला, तो एका कोऱ्या चिठ्ठीकडे गेला. "इथं काय लिहायचं?" बाईंनी विचारलं. खाली बघत वहिनी म्हणाली, "भावजी."

भावजी म्हणजे मी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बैठक संपल्यावर मी बाईंना गाठून तणतणलो, "म्हणजे चूक माझी? गिरणी काय मी बंद केली?" त्या म्हणाल्या, "चूक शोधायची असती तर मी पोलिसांत गेले असते." आता असलं उत्तर घेऊन माणसानं करायचं काय? रागही आला, लाजही वाटली, आणि यातलं कशाचं काय हे काही उमगेना.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी वहिनीचं रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. "अंगात रक्तच नाही. हे असंच चाललं असतं तर बाळंतपणात हिला वाचवणं कठीण होतं." गोळ्या सुरू झाल्या. इंजिनिअरसाहेबांनी पाइप सांधला, वर धावपळ करून गिरणीच्या बोअरचं पाणी चाळीला जोडून दिलं. मी वहिनीला म्हटलं, आजपासून सगळे एकत्र जेवू. तर ती रडायलाच लागली, "माझ्या वाढण्यात काही कमी पडलं का, भावजी?" हा बाण कुठून कुठे काढायचा, सांगा! शेवटी दादानंच तिचं ताट वाढलं आणि समोर बसून राहिला.

बाई काम संपवून परत गेल्या. वहिनी सुखरूप सुटली, मुलगी झाली. मी बाईंना कार्ड टाकलं. उत्तर त्यांच्या भावाचं आलं: बाई वारल्या. तुमचं कार्ड त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती मुलीला पाजत होती. मी म्हटलं, "वहिनी, त्या बाणांतलं मला काही म्हणता काही कळलं नाही. तुला काय कळलं?"

"मला कुठे काय कळतंय!" ती म्हणाली. "पण पेन देताना त्यांनी हळूच विचारलं होतं, सकाळपासून काही खाल्लंस का. या घरात येऊन सात वर्षं झाली भावजी, असं कुणी विचारलं नव्हतं."

ती सातही वर्षं मी रोज तिच्या हातचं जेवत होतो.