सदाफुलीचा चेहरा

सदाफुली आमच्या चष्म्याच्या दुकानात कामाला आली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. मालकांनी विचारलं, "शिक्षण कधी संपलं?" तिनं साल सांगितलं. मालकांनी बोटांवर वर्षं मोजली, स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बाई, आमचा धंदा बुडवाल तुम्ही. डोळ्यांना दिसतं ते खरं असतं असं आम्ही लोकांना सांगतो."

सदाफुली हे नाव त्यांनीच ठेवलं. ते झाड बारा महिने फुलतं, तशी ही. गळ्यावर एक सुरकुती नाही, केस काळेभोर, चालणं असं की जणू कॉलेजला उशीर झालाय. गिऱ्हाईक बायका खोदून खोदून विचारायच्या, काय लावता, काय खाता. ती म्हणायची, "काही नाही हो. आमच्या आत्याचं असंच होतं." त्यांना ते पटायचं नाही. बाहेर पडताना एकमेकींना म्हणायच्या, "सांगत नाही मेली."

मी मागच्या खोलीत मशीनवर काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायचे. ती पुढे काउंटरवर असायची. चाळिशीचा चष्मा करायला आलेले लोक आधीच खट्टू असतात. एकदा एक गृहस्थ तिला म्हणाले, "तुम्हाला काय कळणार आमचं दुःख, तुम्हाला वीस वर्षं आहेत अजून." ते त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होते, आणि सदाफुली त्या गृहस्थांहून दोन वर्षांनी मोठी होती. ती नुसती हसली. सुरुवातीला तिला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू. कुणाला नाही आवडणार?

तिचं लग्न झालं होतं, तीन वर्षांत मोडलं. मग दुसऱ्या शहरात पंधरा वर्षं नोकरी केली, एकटीच राहिली. वडील गेल्यावर परत आली. घरी आई आणि चार वर्षांनी लहान बहीण. त्या बहिणीला सगळे धाकटी म्हणत.

धाकटी एका कचेरीत टायपिस्ट होती. वडिलांचं आजारपण, आईचे गुडघे, घरातलं वरकाम, सगळं तिनं एकटीनं काढलं होतं. पस्तिशीतच केस पिकले. एका बाजूच्या दाढा काढलेल्या, त्यामुळे गाल आत गेलेला. पाठीला बाक. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की माणूस गडबडायचा. पहिल्यांदा धाकटी आईचा चष्मा न्यायला दुकानात आली, तेव्हा काउंटरवरच्या एका बाईंनी सदाफुलीला सांगितलं, "अहो, तुमच्या आई आल्यात."

मी काच हातात धरून तशीच थांबले. धाकटी मात्र चटकन म्हणाली, "हो ना, फार उशिरा झाली मला ही. म्हणून लाडावलीय."

सगळे हसले. सदाफुलीही हसली. पण धाकटी चष्मा घेऊन गेली तेव्हा डबी काउंटरवरच राहिली. मी धावत जाऊन दिली. कोपऱ्यावर उभी होती, पदरानं नाक पुसत. म्हणाली, "धूळ फार आहे हो तुमच्या रस्त्यावर."

पुढे चारेक वर्षांनी आईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस चालू राहायचा. मग चपला फ्रिजमध्ये. मग एक दिवस त्या शेजारच्या इमारतीत जाऊन परक्या दाराला किल्ली लावत बसल्या. कुणीतरी एकीनं घरी राहणं भाग होतं. धाकटीनं नोकरी सोडली. सदाफुली म्हणाली होती, मी सोडते. पण धाकटी म्हणाली, "तुला आईची औषधं तरी माहीत आहेत का? तू कमव. मी बघते."

आणि ती बघत होती. पहाटे उठून पाणी तापवायचं, आईला अंघोळ घालायची, भात मऊ करून भरवायचा, दुपारी हात धरून अंगणात चार फेऱ्या मारायच्या. आईनं चावलं, ओरबाडलं, तरी आवाज चढवायची नाही. सदाफुली सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सातला यायची. आणि ती दारात आली की आईचा चेहरा फुलायचा. "आली गं माझी बाय! किती उशीर केलास!" नावानं हाक मारायच्या, गालावरून हात फिरवायच्या.

धाकटीला त्या "बाई" म्हणायला लागल्या होत्या.

हे सदाफुलीनं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. डबा तसाच होता पुढ्यात. म्हणाली, "काल मी घरी गेले तर आई माझ्या कानात म्हणते, ह्या बाई चांगल्या आहेत हो, हात हलका आहे त्यांचा. पण आपली धाकटी कुठंय? शाळेतून आली नाही अजून. आणि धाकटी तिथंच उभी, हातात वाटी-चमचा घेऊन."

"मग?"

"मग काय. ती म्हणाली, येईल हं आजी. वाटेत असेल."

आई धाकटीला विसरल्या नव्हत्या. उलट दिवसभर तिचीच वाट बघायच्या, खिडकीशी बसून. चार वाजले की जीव खालीवर व्हायचा. धाकटी म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे दोन वेण्यांची, गोबऱ्या गालांची मुलगी होती. ही पांढऱ्या केसांची, वाकलेली बाई म्हणजे तीच, हे जुळत नव्हतं. सदाफुलीचा चेहरा मात्र पंचविशीत होता तसाच राहिला होता, म्हणून तिची ओळख पटायची. पंधरा वर्षं जिनं घराचं तोंड पाहिलं नाही तिची.

दोघींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. सदाफुली बिचारी धीर द्यायला गेली होती, "आजार आहे तो, मनावर घेऊ नकोस." धाकटी फाडकन म्हणाली, "तुला काय जातंय सांगायला, ताई? तुझा चेहरा तू जपून परत आणलास. माझा इथंच झिजला, ह्याच घरात. आणि आता तीच मला विचारते, तुम्ही कुठून येता कामाला."

दुसऱ्या दिवसापासून सदाफुली आरशात बघायचाही कंटाळा करायला लागली. केस घट्ट मागे बांधायची, मालकांच्या आईसारखी जाड फ्रेम लावायची. कुणी "वय दिसत नाही हो" म्हणालं की काउंटर सोडून आत यायची आणि माझ्याजवळ उगाच काचा पुसत बसायची.

मग तिच्या डोक्यात एक कल्पना आली. रविवारी मला घरी बोलावलं. ब्यूटी पार्लरमधलं थोडंफार काम मी शिकले होते. धाकटीचे केस रंगवायचे होते. आईच्या पेटीतून जुना निळ्या पट्ट्यांचा ड्रेस काढला होता. शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या फोटोत धाकटीनं तोच घातला होता. आईला निदान एकदा तरी धाकटी भेटावी, असं सदाफुलीच्या मनात.

धाकटी आधी तयारच होईना. "पंचेचाळिशीला आले, आता सोंग करू?" म्हणाली. मग स्वतःच स्टुलावर येऊन बसली. मी रंग लावला. सदाफुलीनं स्वतः दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. ड्रेस पाठीत बसेना, मी शिवण उसवली आणि वरून ओढणी टाकली. गालांना थोडी लाली. धाकटी आरशात बघून हसायला लागली, अगदी पोट धरून. म्हणाली, "ताई, शाळेत घेतील का गं मला?" त्या हसण्यात ती खरंच लहान दिसली, शपथेवर सांगते. सदाफुलीनं तिला मिठी मारली. मला वाटलं, जमलं.

आई खिडकीशी होत्या. सदाफुली आधी आत गेली. "आई, बघ कोण आलंय. तुझी धाकटी आली शाळेतून."

आईंनी मान वळवली. धाकटी दारात उभी, हात पुढे बांधून, परीक्षेला बसल्यासारखी. आई बघत राहिल्या. वेण्या बघितल्या, रिबिनी बघितल्या, ड्रेस बघितला. मग चेहऱ्याकडे पाहिलं.

"हा माझ्या मुलीचा ड्रेस आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही का घातलात? कुठंय ती? काय केलंत तिचं?"

"आई, अगं मीच..."

"काय केलंत माझ्या पोरीचं!" आई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारचे लोक दार वाजवायला लागले. आईंनी उठून धाकटीच्या वेणीला हात घातला. आम्ही दोघींनी सोडवलं. धाकटीनं प्रतिकार केला नाही. रिबीन आईंच्या मुठीत राहिली, ती त्यांनी छातीशी धरली आणि धाय मोकलून रडायला लागल्या, मूल गेल्यासारख्या.

धाकटी मोरीत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आली ती नेहमीच्या साडीत. केस ओले, काळेच. तो रंग काही धुतल्यानं जाणार नव्हता. आईजवळ जाऊन बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आजी, ती दुसरी बाई गेली. मी हाकलली तिला. चला, तोंड धुऊ."

आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही आलात."

सदाफुली जिन्यात जाऊन बसली होती. मी शेजारी बसले. "माझ्या हौसेपायी झालं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर धाकटीनं एक गोष्ट केली. मुलगी म्हणून ओळख पटवायचं सोडूनच दिलं. आईंनी "धाकटी कुठंय" विचारलं की म्हणायची, "येतेय. पण आजी, कशी आहे हो तुमची धाकटी?" आणि आई सांगायच्या. तापात आईच्या उशाशी बसून पंख्यानं वारा घालणारी सात वर्षांची मुलगी. आईला न सांगता बांगड्यांऐवजी घरासाठी पातेलं आणणारी. "मोठीचं रूप चांगलं आहे," त्या म्हणायच्या, "पण आधार मला धाकटीचा आहे. तिला तोंडावर सांगितलं नाही कधी. डोक्यावर बसेल."

धाकटीनं हे सदाफुलीला सांगितलं, स्वतःहून, भाजी निवडताना. "जन्मात बोलली नसती ती माझ्यापाशी. परक्या बाईपाशी बोलते." सांगताना रागावलेली नव्हती, असं सदाफुली म्हणाली. पण धाकटीनं सोललेले दाणे टाकून शेंगांची सालं मात्र पातेल्यात घातली.

असे आठ महिने गेले. शेवटी शेवटी आईचं खाणं सुटलं. एका सकाळी सदाफुली कामावर निघताना पाया पडायला वाकली, तर आईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि धाकटीला विचारलं, "बाई, ही मुलगी कोण हो?"

"मला काय वाटलं सांगू?" सदाफुली मला म्हणाली. "हलकं वाटलं. वाटलं, फिटलं. आता दोघी सारख्या. पण वळून बघितलं तर धाकटी भिंतीला टेकून रडत होती. इतकं रडताना मी तिला वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. म्हणते, ताई, निदान तुला तरी ओळखत होती गं. तेवढं तरी होतं घरात."

दहा दिवसांनी आई गेल्या. भेटायला येणारे लोक धाकटीपुढे हात जोडत आणि म्हणत, तुम्ही मोठ्या, तुम्हीच आता घर सांभाळा. सदाफुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगत, "रडू नकोस बाळ. मोठी बहीण आहे ना पाठीशी." तिनं एकालाही सांगितलं नाही की मोठी मीच. मला म्हणाली, "खोटं काय होतं त्यात?"

दोन महिन्यांनी धाकटीनं दुसऱ्या गावी एका वसतिगृहात व्यवस्थापिकेची नोकरी धरली. राहायची खोली तिथंच. सदाफुलीनं पुष्कळ समजावलं. आता आपण दोघीच, एकत्र राहू, मी करते तुझं सगळं, तू नुसती बस. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुझा राग नाही ताई. पण तू संध्याकाळी दारात आलीस की अजून माझे कान टवकारतात. वाटतं, आता आई हाक मारेल. तुलाच." मग घडी मोडून पुन्हा घातली. "मला नाही सोसत ते."

सदाफुलीनं तिची बॅग स्टँडपर्यंत उचलून नेली. अडवलं नाही.

याला चार वर्षं झाली. धाकटी तिकडे बरी आहे. अंगानं भरलीय, दात बसवून घेतलेत, वसतिगृहातल्या मुली तिला वचकून असतात म्हणे. इकडे फारशी येत नाही. दर रविवारी सकाळी फोन मात्र येतो. दोघी हवेचं, पाण्याचं, भाज्यांचं बोलतात. आईचा विषय काढत नाहीत. एकदाच निघाला. धाकटी म्हणाली, "आज पाचलाच जाग आली. उठून अंघोळीचं पाणी तापवलं, वाफ येईस्तोवर. टॉवेल घेऊन पलंगाशी गेले, मग आठवलं."

सदाफुलीनं विचारलं, "मग काय केलंस?"

"काय करणार? मीच केली अंघोळ. पाणी तर तापलं होतं."